काळी दोन

चाळीसच्या पुढे गेली की व्हॅन गायची.
एक लांब, नाकातला सूर,
ॲक्सिलरेटर दाबला की चढणारा,
पाय उचलला की उतरणारा.
मागच्या सीटवरची वैदर्भी मुंगी, चौथी ब, पेटी शिकते.
तिनं एकदा जाहीर केलं:
काकू, आपली गाडी काळी दोनमध्ये गाते.
तेव्हापासून सुदामानगर ते शाळेचं फाटक
अकरा पोरं तो सूर धरून ऊंऽऽ करत बसायची
आणि मी आरशात बघून हसायचे.

हसण्यासारखं काही नव्हतं.

रोज सकाळी, मागच्या दोन चाकांच्या मधोमध
रुपयाएवढा काळा डाग.
मी त्यावर रेती टाकायचे.
आठवड्यात डाग पाच रुपयांचा झाला.
महागाई, म्हटलं.
गिअर पडताना खालून कट्ट वाजायचं,
पाटावरून उठताना गुडघा वाजतो तसं.
वय झालं, म्हटलं.
मागचं डावं टायर फुटलं तेव्हा
सियागंजात दुसऱ्या मापाचं, जुनं, अर्ध्यात मिळालं.
गोलच तर असतं, म्हटलं.

माणिकबागच्या पुलावर चढाला जाम.
मागून बसचा हॉर्न, त्यावर हॉर्न.
मी इंजिन गरगरवलं आणि क्लच एकदम सोडला.

आत कुठेतरी अडकित्ता मिटला.

इंजिन चालू. गिअर पडलेला. गाडी जागच्या जागी.
पोरं गप्प,
सगळी एकदम, पहिल्यांदाच.

छावणीतल्या युनूस मिस्त्रीनं मागचा डबा उघडला.
तेल कसलं, तळाशी चमकी मिसळलेली काळी चाशनी.
त्यात बोटं बुडवून त्यानं एकेक दात काढला
आणि कागदावर मांडला. तीन.
माझ्या गाडीत पोरांचे पडतात, दुधाचे;
हे पुन्हा येणारे नव्हते.

तो हिंदीत बोलत होता,
माझ्या कानात पोचेपर्यंत त्याचं मराठी होत होतं:
वळणावर बाहेरच्या चाकाला लांबची वाट,
आतल्याला जवळची.
दोघांना एकाच वेगानं फिरवाल तर एक फरफटणार.
हा डबा दोघांचा हिशेब ठेवतो.
मी म्हटलं, संसारासारखं.
तो म्हणाला, नाही ताई.
संसार कोरडा वर्षानुवर्षं चालतो. हा नाही चालत.

सील गळत होतं, तेल उतरत होतं,
बेअरिंग तापत होतं, म्हणून गाडी गात होती.
गाणं नव्हे ते, कण्हणं.
दोन मापांची टायरं लावलीत,
म्हणजे सरळ रस्त्यावरही याला वळणाचंच काम.
बिचारा वर्षभर वळत राहिला, कुठेही न वळता.
आणि वर अकरा पोरं, अकरा दप्तरं.
तुमचा झटका शेवटचा. पहिला नाही.

एकवीस हजार. दोन हप्ते मागून घेतले.
सील नवं, दात नवे, नव्वद नंबरचं तेल;
मागची दोन्ही टायरं एकाच मापाची, एकाच दिवशी घेतलेली.
झाकणाचा बोल्ट काढून त्यानं माझंच बोट आत घातलं:
इथं, भोकाच्या काठाला तेल लागलं पाहिजे.
नाही लागलं तर त्याच दिवशी या,
राखी झाल्यावर नाही, दिवाळी झाल्यावर नाही.

आता चढावर मी हँडब्रेक ओढून थांबते,
क्लच असा सोडते,
झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढावा तसा.
मागच्या बसनं वाजवावं काय वाजवायचंय ते.
अकराची आठ पोरं केली.
तिघांच्या आया अजून माझ्याशी बोलत नाहीत.

पहिल्या दिवशी गाडी चाळीसला गेली, पन्नासला गेली.
वैदर्भी कान देऊन बसली होती.
काकू, हिचा गळा गेला का?

नाही गं, म्हटलं, बरा झाला.
तिला ते पटलं नाही.
दोन सिग्नल गेले, मग तिनं स्वतःच
हळूच काळी दोन धरली, एकटीनं.

रविवारी व्हॅनखाली जुना पेपर पसरते.
काल त्यावर डाग दिसला.
गुडघे टेकले, वास घेतला.
पोह्यांचा होता.
तरीही बोल्ट काढून बोट घालून पाहिलं.